आठ गाण्यांचा संग्रह: किंमत किती ठेवावी, फुकट काय द्यावं, आणि हक्कांचं काय?

मासुंदा (धागाकर्ता)

ठाण्यातल्या एका हौशी गटाचा आठ गाण्यांचा संग्रह ध्वनिमुद्रित झाला आहे, मिक्सिंग बाकी आहे. प्रकाशन वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातल्या कार्यक्रमात करायचं आहे आणि त्याच दिवशी गाणी ऑनलाइन आणायची आहेत. गटात दोन मतं आहेत. पहिलं मत असं की सगळं फुकट डाउनलोडला ठेवू, पैसे घेत नाही म्हटल्यावर परवानगीचा प्रश्नच येत नाही. दुसरं मत असं की थोडी तरी किंमत हवी, नाहीतर पुढच्या मुद्रणाचा खर्च कुठून काढणार?

यादी अशी:
१. ‘मानापमान’मधलं एक पद
२. ‘सौभद्र’मधलं एक पद
३. तुकोबांचा अभंग, पारंपरिक चाल
४. तुकोबांचा अभंग, श्रीनिवास खळे यांची चाल
५. पी. सावळाराम यांचं एक भावगीत, मूळ चालीत
६. सुरेश भट यांची गझल, गटातल्या संगीतकाराची नवी चाल
७ आणि ८. शब्द आणि चाल दोन्ही गटातल्याच मंडळींचे

यातलं काय फुकट देता येईल, काय विकता येईल, आणि किती रुपयांना? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कोमल_निषाद

आधी पहिल्या मताबद्दल, कारण तिथेच सगळ्यात मोठी चूक होते. पैसे घेतले नाहीत म्हणून परवानगीची गरज संपत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ प्रमाणे प्रत काढणं आणि लोकांपर्यंत पोहोचवणं हे दोन्ही हक्क मालकाचे. तुम्ही विकलं की वाटलं, यानं काही बदलत नाही. स्वतःपुरती प्रत ठेवणं कलम ५२ मधल्या खासगी वापरात बसू शकतं, पण लिंक सगळ्यांना दिली की ते खासगी उरत नाही.

प्रत्येक गाण्याचे तीन थर सुटे करा: शब्द, चाल आणि (ध्वनि)मुद्रण. शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. मुद्रणाची ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून. याखेरीज गायक-वादकांचे कलाकार म्हणून वेगळे हक्क असतात, ते सादरीकरणानंतर ५० वर्षं.

आता तुमची यादी.

१: खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे शब्द १ जानेवारी २००९ पासून मोकळे. गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, म्हणजे चाल १ जानेवारी २०१६ पासून मोकळी.
२: अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले. प्रश्नच नाही.
३: मोकळं, पण ‘पारंपरिक’ हा शब्द तपासून घ्या.
४: शब्द तुकोबांचे, पण चाल खळ्यांची. खळे २०११ साली गेले, म्हणजे चाल ३१ डिसेंबर २०७१ पर्यंत संरक्षित. अभंग कुणीही गावा, ही चाल मात्र विचारूनच घ्यावी लागेल.
५: पी. सावळाराम १९९७ साली गेले. शब्द ३१ डिसेंबर २०५७ पर्यंत. संगीतकाराचं वर्ष वेगळं मोजायचं.
६: चाल तुमची असली तरी भट २००३ साली गेले, त्यामुळे शब्द ३१ डिसेंबर २०६३ पर्यंत संरक्षित. शब्दांची परवानगी हवीच.
७ आणि ८: तुमचेच, पण कागद केला असेल तर. त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

थोडक्यात, १, २, ३, ७, ८ यांची किंमत तुम्ही ठरवा, शून्यही ठेवू शकता. ४, ५, ६ फुकट दिलेत तरी मालकाचे पैसे तुमच्या खिशातून जातील.

तीव्र_मध्यम

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. फक्त क्रमांक १ आणि ३ बद्दल सावधगिरीची भर.

नाट्यपदं आज ज्या चालीत ऐकू येतात ती नाटकाच्या पहिल्या प्रयोगातलीच असते असं नाही. पुढच्या पिढीतल्या गायकांनी आणि संगीतकारांनी कित्येक पदं नव्यानं बांधली. तुमच्या गायकानं पद कुठून उचललं ते विचारा. १९११ च्या टेंब्यांच्या चालीवरून बसवलं असेल तर मोकळं आहे. नंतरच्या एखाद्या तबकडीवरून हुबेहूब बसवलं असेल तर त्या चालीवर कुणाचं नाव छापलंय ते बघा.

अभंगाचंही तेच. लोकांच्या तोंडी बसलेली, वारीत म्हटली जाणारी चाल आणि रेडिओवर गाजलेली चाल यांत फरक आहे. कानाला दोन्ही ‘पारंपरिक’ वाटतात. तबकडीच्या लेबलवर ‘संगीत:’ या शब्दापुढे नाव असेल तर ती पारंपरिक धरू नका. मुखड्याची सुरावट स्वरलिपीत लिहून दोन्ही शेजारी ठेवल्यात तर पाच मिनिटांत कळतं.

येऊर

इथेच एक विचारतो. ६० वर्षं उलटलेली जुनी मुद्रणं मग सरळ डाउनलोडला ठेवता येतात ना? बालगंधर्वांच्या तबकड्या वगैरे?

कोमल_निषाद

येऊर, भारतापुरतं बोलायचं तर १९६४ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणं १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली. १९६५ ची १ जानेवारी २०२६ ला. पण तो फक्त तिसरा थर. १९५८ च्या भावगीताचं मुद्रण मोकळं असेल, गीतकार १९९७ साली गेले असतील तर शब्द बंदच. बालगंधर्वांची खाडिलकरांच्या पदांची मुद्रणं बऱ्याचदा तिन्ही थरांवर मोकळी निघतात, म्हणून लोक तिकडे वळतात आणि तेच नियम सरसकट लावतात.

दोन अडचणी आहेत. एक, सर्व्हर अमेरिकेत असेल तर तिथला हिशोब वेगळा. १९७२ च्या आधीच्या मुद्रणांसाठी तिथे स्वतंत्र कायदा आहे: १९२३ ते १९४६ मध्ये प्रकाशित झालेल्यांना १०० वर्षं, १९४७ ते १९५६ वाल्यांना ११०. दोन, कंपनीनं त्याच तबकडीची साफसूफ केलेली आवृत्ती यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये (हक्क असलेली गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) घातलेली असते. तुमची खरखरीत प्रत तिच्याशी जुळते आणि दावा लागतो. मग हरकत नोंदवायची, दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. हरकतीत ‘जुनं आहे’ एवढंच लिहू नका. तबकडीचा क्रमांक, प्रकाशनाचं वर्ष, गीतकार आणि संगीतकारांची मृत्युवर्षं, कलम २२ आणि २७ असं लिहा.

घणसोलीकर

४ आणि ५ साठी दोन रस्ते दिसतात, त्यातला एक छोट्या गटाच्या कामाचा नाही.

पहिला कलम ३१सी, म्हणजे कव्हर व्हर्जनचा (जुन्या गाण्याचं नव्यानं केलेलं मुद्रण) वैधानिक परवाना. मूळ गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं त्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, नोटीस द्यावी लागते, ‘कव्हर व्हर्जन’ असं स्पष्ट छापावं लागतं, चालीत गरजेबाहेर बदल चालत नाहीत. हे सगळं जमेल. अडतं ते पुढे: प्रत्येक गाण्यासाठी, दर कॅलेंडर वर्षाला, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. तुमच्या तीनशे डाउनलोडसाठी हे परवडणार नाही. १९८० च्या दशकात कॅसेटवाल्यांनी जुन्या तरतुदीचा आधार घेऊन गाजलेली गाणी दुसऱ्यांकडून गाऊन घेऊन विकली, ते थांबवायलाच २०१२ च्या दुरुस्तीत ही अट आली. त्यात लहान माणूस अडकतो हे खरं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

दुसरा रस्ता सरळ पत्राचा. जुन्या भावगीतांच्या बऱ्याच तबकड्या एचएमव्हीच्या, ती कंपनी २००० सालापासून सारेगामा. लेबलवरचं नाव बघून त्या त्या कंपनीच्या परवाना विभागाला लिहा. गीतकार किंवा संगीतकार आयपीआरएसचे (त्यांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्य असतील तर तिथेही चौकशी करा. भटांच्या गझलेसाठी शब्दांचा हक्क सध्या कुणाकडे आहे, वारसांकडे की प्रकाशकाकडे, ते आधी शोधावं लागेल. तिथे ३१सी चा उपयोग नाही, कारण चाल नवी आहे.

पत्रात एवढं घाला: गाण्याचं नाव, मूळ तबकडीचा क्रमांक, गीतकार, संगीतकार, तुमच्या मुद्रणाची लांबी, गायकाचं नाव, कुठे वापरणार (डाउनलोड, स्ट्रीमिंग आणि व्हिडिओ यांची तीन वेगळी वाक्यं), कोणत्या देशांत, किती वर्षांसाठी, विक्रीची किंमत, अपेक्षित प्रती. व्हिडिओचा परवाना नेहमी वेगळा असतो. ऑडिओची परवानगी घेऊन यूट्यूबवर चित्रीकरण टाकलं की गाडी तिथे अडते. उत्तराला वेळ लागतो, किमान तीन महिने हाताशी ठेवा. आणि तोंडी ‘हो, गा की’ यावर थांबू नका, कायदा लेखी परवाना मागतो.

भावे नाट्यगृहातल्या प्रत्यक्ष गायनाची परवानगी हा वेगळा विषय आहे. तिथे शब्द आणि चाल यांचा परवाना लागतो. मुद्रण वाजवणार नसाल तर मुद्रणाचा लागत नाही.

पामबीच

किमतीबद्दल लिहितो.

स्ट्रीमिंगला किंमत तुम्ही ठरवत नाही. वर्गणी आणि जाहिरातीचा गल्ला जमतो, एकूण ऐकण्यात तुमचा वाटा किती यावर पैसे पडतात. एका ऐकण्याचा ठरलेला दर नसतो. ३० सेकंदांच्या आत गाणं बंद केलं तर ते मोजलं जात नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. ही मोजणी गाण्यागणिक आहे. आठ गाण्यांपैकी दोन चालली आणि सहा ९०० वर अडकली, तर सहांचे पैसे शून्य.

आता थेट विक्री. १५० रुपयांचा पूर्ण संग्रह घ्या. पेमेंट गेटवेचा दर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३ रुपये ५४ पैसे गेले, १४६ रुपये ४६ पैसे हातात. एका ऐकण्याला १० पैसे पडतात असं फक्त हिशोबापुरतं धरलं, तरी तेवढ्या रकमेसाठी सुमारे १,४६५ वेळा ऐकलं जायला हवं. सभागृहात ३०० माणसं असतील आणि दहातल्या एकानं घेतलं तर ४,५०० रुपयांची विक्री. छोट्या गटाला हाच रस्ता आहे.

सुटं गाणं ठेवायचं तर २५ रुपयांच्या खाली नको. बँडकॅम्प (गाणी थेट विकण्याचं संकेतस्थळ) डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं आणि पेमेंटचं शुल्क त्यावर. त्या शुल्काचा काही भाग प्रत्येक व्यवहाराला ठरलेला असतो, तो लहान रकमेला खाऊन टाकतो. म्हणून संग्रह विका.

‘हवे तेवढे द्या’ ठेवायचं असेल तर चौकट रिकामी ठेवू नका. त्यात १५० लिहून ठेवा, खाली ‘किमान १०० रुपये’. रिकाम्या चौकटीसमोर माणूस अडखळतो, काय दिलं तर कमी दिसेल या विचारात निघून जातो.

एक इशारा. पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे देणं-घेणं बंद केलं. पेपालवर चालणाऱ्या विक्रीपानावर ठाण्यातला माणूस ठाण्यातल्याच गटाला पैसे देऊ शकत नाही, सिंगापूरचा देऊ शकतो. त्यामुळे इथल्या श्रोत्यांसाठी यूपीआय आणि परदेशातल्यांसाठी वेगळं पान, असे दोन दरवाजे ठेवावे लागतात.

खाडीकिनारा

थोडं वेगळं मत मांडतो. अभंग आणि नाट्यपदं गाणाऱ्यांना मुळात ऐकणारे हवेत. १, २, ३, ७, ८ ही पाचही क्रिएटिव्ह कॉमन्सखाली (कुणालाही वापरू देणारे तयार खुले परवाने) पूर्ण मोकळी करा. भजनी मंडळं घेतील, शाळा घेतील, गाणी पसरतील. शंभर-दीडशे रुपयांची भिंत घालून काय साधणार? पुढच्या कार्यक्रमाला गर्दी झाली की खर्च निघतो.

कोमल_निषाद

खाडीकिनारा, हेतू चांगला आहे आणि १ ते ३ बाबत मी तुमच्याच बाजूला आहे. ७ आणि ८ बाबत मात्र घाई नको. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना परत घेता येत नाही. उद्या तेच गाणं एखाद्या मालिकेला हवं झालं तर ‘कुणीही वापरा’ म्हणून दिलेली प्रत बाजारात असतेच.

आणि क्रमाचा प्रश्न आहे. गटातले गीतकार-संगीतकार आयपीआरएसचे सदस्य होणार असतील तर सदस्य होताना काही हक्क संस्थेला लिहून द्यावे लागतात. जे लिहून दिलं ते पुन्हा स्वतः मोकळं करता येत नाही. आधी सदस्यत्वाचा करार वाचा, मग परवाना निवडा.

परवान्याची अक्षरंही नीट बघा. ‘बाय’ म्हणजे नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदल नको, आणि गाणं व्हिडिओला लावणं हाही ४.० आवृत्तीत बदलच धरला जातो. म्हणजे ‘एनडी’ लावलंत तर शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्हिडिओखालीही ते वाजवता येणार नाही. पसरावं अशी इच्छा असेल तर ‘एनडी’ टाळा.

खाडीकिनारा

‘एनडी’चा हा मुद्दा लक्षात आला नव्हता. मग १ ते ३ ‘बाय-एनसी’खाली मोकळी, ७ आणि ८ विक्रीला, असं सुचवतो.

घणसोलीकर

+१. फक्त ७ आणि ८ पैकी एक गाणं तीन महिने फुकट ठेवा, परवाना न लावता, ‘वैयक्तिक ऐकण्यासाठी’ असं लिहून. पूर्णपणे तुमचं असलेलंच गाणं तुम्हाला कुणाचंही देणं न लागता फुकट देता येतं, आणि हवं तेव्हा थांबवताही येतं.

मासुंदा

सगळ्यांचे मनापासून आभार. गटात चर्चा झाली. ४ साठी कंपनीला पत्र जाईल, ५ आणि ६ पहिल्या आवृत्तीतून बाजूला. म्हणजे परवानगी आली तर सहा गाणी, नाही तर पाच. त्या हिशोबात किंमत १०० केली आहे.

दोन प्रश्न उरले. तबलजी आणि हार्मोनियमवादक बाहेरचे होते, मानधन रोख दिलं, कागद नाही. आणि फाइली कोणत्या स्वरूपात द्यायच्या? बरेच श्रोते गाडीत पेनड्राइव्हवर ऐकतात.

घणसोलीकर

कागद आत्ता करा, मागच्या तारखेचा नको, आजचाच. एका पानात: कोणत्या गाण्यांत काय वाजवलं, मानधन किती मिळालं, डाउनलोड, स्ट्रीमिंग आणि व्हिडिओला संमती, श्रेयनामावलीत नाव कसं छापायचं, दोघांच्या सह्या.

७ आणि ८ च्या गीतकार-संगीतकारांकडून गटाला हक्क लिहून घेताना मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द विसरू नका. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे पाच वर्षांनी गाणं ठेवायला तुमच्याकडे हक्कच उरत नाही, आणि अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी तर तो पहिल्या दिवसापासूनच नसतो.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, हक्क आपोआप मिळतो. पण ७ आणि ८ ची करून ठेवणं शहाणपणाचं. चालीसाठी ५०० रुपये, शब्दांसाठी ५००, मुद्रणासाठी २,०००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

पामबीच

फाइलींबद्दल.

मूळ प्रत २४ बिट वेव्हमध्ये (न दाबलेली फाइल) जपा, वितरकाला (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणारी कंपनी) तीच द्या. मास्टर (अंतिम प्रत) उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) आसपास आणि ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १ डेसिबलच्या खाली. जोरात दाबून उणे ८ वर नेलंत तर स्ट्रीमिंगवाले आवाज खाली आणतात, आणि तबल्याची थाप मात्र चपटी झालेलीच राहते. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. प्रत्येक मुद्रणाला १२ अक्षरांचा आयएसआरसी (मुद्रणाचा ओळख-क्रमांक). एकदा दिला की तोच कायम. वितरक बदलताना नवा घेतलात तर जुन्या ऐकण्यांचा आकडा तुटू शकतो.

गाण्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा तयार लूप वापरला असेल तर कंटेंट आयडीचा पर्याय बंद ठेवा. तोच लूप दुसऱ्याच्या गाण्यातही असतो, आणि तुमच्या नावानं त्यांच्यावर दावे जातात.

विक्रीच्या पुडीत दोन फोल्डर: एकात फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल), दुसऱ्यात एमपी३, ३२० केबीपीएस. ३२० ला मिनिटाला २.४ एमबी, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. हातात फक्त १२८ ची प्रत असेल तर ती ३२० करून विकू नका. स्पेकमध्ये (ध्वनीचा आलेख दाखवणारा प्रोग्राम) उघडली की १६ किलोहर्ट्झच्या आसपास वरचा भाग कापलेला स्वच्छ दिसतो आणि घेणारा पैसे परत मागतो, रास्तपणे.

पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट करा. एमपी३टॅगच्या (गाण्याची माहिती फाइलीत भरण्याचा प्रोग्राम) पर्यायांत आयडी३ची (त्या माहितीची, म्हणजे टॅगची, पद्धत) आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा. २.४ ठेवलंत तर गाडीतल्या जुन्या प्लेअरला नावं वाचता येत नाहीत. कित्येक स्टिरिओंना देवनागरी फॉन्टच नसतो, तिथे चौकोन दिसतात. म्हणून फाइलचं नाव रोमन अक्षरांत, आधी 01, 02 असे इंग्रजी आकडे, आणि देवनागरी नाव टॅगमध्ये. आतलं चित्र ६०० बाय ६०० जेपीईजी, प्रोग्रेसिव्ह नको.

येऊर

वितरकाकडून डॉलरमध्ये पैसे येतात तेव्हा कर कापला जातो, तो किती?

पामबीच

कंपनी अमेरिकन असेल तर खातं उघडतानाच डब्ल्यू-८बेन (परदेशी व्यक्तीसाठीचा अमेरिकी कराचा फॉर्म) भरा, त्यात पॅन आणि भारत-अमेरिका कराराचा उल्लेख. भरला तर अमेरिकेतल्या कमाईवर रॉयल्टीचा दर १५ टक्के, न भरता राहिलात तर ३० पर्यंत. नाव पॅनवर जसं आहे अगदी तसंच लिहा. गटाच्या नावानं अर्ज आणि वैयक्तिक पॅन असं झालं की फॉर्म परत येतो. मासुंदा, तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर एकाच व्यक्तीच्या नावानं खातं उघडा आणि बाकीच्यांचे वाटे टक्क्यांत लिहिलेला कागद, पहिला रुपया यायच्या आधी, सगळ्यांच्या सह्यांनी करून ठेवा.